समीकरण सोडवताना प्रत्येक पायरीला विचारायचा एक प्रश्न

पुढील समीकरण वास्तव संख्यांमध्ये सोडवायचे आहे असे समजा.

√(२क्ष + ३) = क्ष

बहुतेक विद्यार्थी ते असे सोडवतात:

दोन्ही बाजूंचा वर्ग करून, २क्ष + ३ = क्ष²
सर्व पदे एका बाजूला घेऊन, क्ष² − २क्ष − ३ = ०
अवयव पाडून, (क्ष − ३)(क्ष + १) = ०
म्हणून क्ष = ३ किंवा क्ष = −१

आता दोन्ही उत्तरे मूळ समीकरणात ठेवून पाहा. क्ष = ३ घेतल्यास डावी बाजू √९ म्हणजे ३ आणि उजवी बाजूही ३. हे उत्तर बरोबर आहे. क्ष = −१ घेतल्यास डावी बाजू √१ म्हणजे १, पण उजवी बाजू −१. हे उत्तर चूक आहे.

वरच्या पायऱ्या पुन्हा तपासा. वर्ग बरोबर केला आहे, चिन्हे बरोबर आहेत, अवयवही बरोबर आहेत. आकडेमोडीत कुठेही चूक नाही. तरीही शेवटी एक खोटे उत्तर आले. ते कुठून आले? आणि याच्या उलट, आकडेमोड बिनचूक असूनही एखादे खरे उत्तर हातातून निसटू शकते का? या पाठात आपण या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत.

१. पायरी म्हणजे नेमके काय?

समीकरण म्हणजे क्ष वर घातलेली एक अट. ती अट पूर्ण करणाऱ्या सर्व संख्यांच्या संचाला त्या समीकरणाचा उकलसंच म्हणतात. समीकरण सोडवणे म्हणजे हा संपूर्ण संच शोधणे. त्यातली एकही संख्या राहून जाता कामा नये आणि बाहेरची एकही आत येता कामा नये.

आपण एका ओळीखाली दुसरी ओळ लिहितो तेव्हा एक विधान करत असतो: 'वरची ओळ ज्या क्ष साठी खरी आहे, त्या क्ष साठी खालची ओळही खरी आहे.' हे विधान जर-तर स्वरूपाचे आहे. त्याची दिशा वरून खाली अशी आहे. खालून वर जाता येईलच याची हमी त्यात नाही.

म्हणून प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर परत येता येते का?

या प्रश्नाच्या उत्तरावरून पायऱ्यांचे तीन प्रकार पडतात.

(अ) दुतर्फी पायरी: वरून खाली आणि खालून वर दोन्हीकडे जाता येते. उकलसंच बदलत नाही.
(ब) एकतर्फी पायरी: वरून खाली जाता येते, पण परत येता येईलच असे नाही. उकलसंच वाढू शकतो, म्हणजे खोटी उत्तरे आत येऊ शकतात.
(क) सदोष पायरी: वरून खाली जाणेही प्रत्येक क्ष साठी खरे नसते. खरे उत्तर गमावले जाऊ शकते.

सुरुवातीच्या उदाहरणात वर्ग करण्याची पायरी (ब) प्रकारची होती. ३ = ३ वरून ९ = ९ मिळते. पण १ = १ हे (−१)² = १² असेही मिळते, आणि त्यावरून −१ = १ असे म्हणता येत नाही. खोटे उत्तर त्याच पायरीतून आत आले.

२. दुतर्फी पायऱ्या

दोन्ही बाजूंत एकच संख्या मिळवली, तर तीच वजा करून परत येता येते. दोन्ही बाजूंना शून्येतर संख्येने गुणले, तर तिनेच भागून परत येता येते. कंस सोडवणे आणि अवयव पाडणे यांत राशी तीच राहते, फक्त तिचे रूप बदलते. वास्तव संख्यांमध्ये दोन्ही बाजूंचा घन करणेही दुतर्फी आहे, कारण प्रत्येक वास्तव संख्येला एकच वास्तव घनमूळ असते.

इथे शाळेपासूनची एक सवय तपासून पाहू. 'पद तिकडे नेले की चिन्ह बदलते' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात काहीच कुठे नेले जात नाही. क्ष + ५ = १२ मध्ये आपण दोन्ही बाजूंतून ५ वजा करतो, म्हणून डावीकडचा ५ जातो आणि उजवीकडे १२ − ५ उरते. हे विसरले की २क्ष = ६ मध्ये '२ तिकडे नेला' म्हणून क्ष = ६ − २ असे लिहिले जाते. दोन्ही बाजूंवर आपण कोणती क्रिया केली हे मनात ठेवले, तर ही चूक होत नाही.

ही क्रिया बीजगणिताइतकीच जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्‌-ख्वारिझ्मी याच्या ग्रंथाच्या नावात 'अल्‌-जब्र' हा शब्द आहे. त्यावरूनच 'अल्जिब्रा' हा शब्द आला. वजा झालेले पद दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढणे हा त्या क्रियेचा अर्थ.

३. उत्तर गमावणाऱ्या पायऱ्या

उदाहरण १. क्ष² = ५क्ष

दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ असे उत्तर अनेक जण लिहितात. पण क्ष = ० ठेवून पाहा: ० = ०. तेही उत्तर आहे. क्ष ने भागताना आपण न सांगता 'क्ष शून्य नाही' असे धरले, आणि नेमके तेच उत्तर गेले.

योग्य रीत अशी:

क्ष² − ५क्ष = ०
क्ष(क्ष − ५) = ०
क्ष = ० किंवा क्ष = ५

नियम म्हणून लक्षात ठेवा: ज्या राशीत चल आहे तिने भागू नका. सर्व पदे एका बाजूला घ्या आणि ती राशी अवयव म्हणून बाहेर काढा.

उदाहरण २. (क्ष − २)(क्ष + १) = ५(क्ष − २)

(क्ष − २) ने भागल्यास क्ष + १ = ५, म्हणजे क्ष = ४ एवढेच मिळते. अवयव बाहेर काढल्यास (क्ष − २)(क्ष + १ − ५) = ०, म्हणजे (क्ष − २)(क्ष − ४) = ०. उत्तरे २ आणि ४.

उदाहरण ३. (क्ष − ३)² = १६

इथे वर्गमूळ घेऊन क्ष − ३ = ४ लिहिले, तर क्ष = ७ मिळते आणि −१ राहून जाते. √ हे चिन्ह ऋणेतर वर्गमूळच दाखवते. म्हणून √(अ²) ची किंमत अ नसून अ चे केवलमूल्य, म्हणजे |अ|, असते. |क्ष − ३| = ४ लिहिले की क्ष − ३ = ४ किंवा क्ष − ३ = −४ या दोन्ही शक्यता आपोआप समोर येतात.

उदाहरण ४. लॉग क्ष² = ४ (पाया १०)

'घात पुढे घेऊन' २ लॉग क्ष = ४, म्हणून क्ष = १००. पण (−१००)² हेही १०००० आहे आणि त्याचा लॉग ४ आहे. डाव्या बाजूला क्ष ऋण असला तरी चालत होते. लॉग क्ष लिहिताच क्ष धन असण्याची नवी अट आपण घातली. योग्य रूप २ लॉग |क्ष| = ४ असे आहे, आणि उत्तरे १०० व −१०० अशी दोन आहेत.

या चारही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. गमावलेले उत्तर पडताळ्यात सापडत नाही. पडताळा फक्त हाती आलेल्या उत्तरांचा घेता येतो. म्हणून या प्रकारची चूक पायरी लिहितानाच ओळखावी लागते.

४. खोटी उत्तरे आणणाऱ्या पायऱ्या

वर्ग करण्याचे उदाहरण आपण पाहिले. आणखी दोन पाहू.

उदाहरण ५. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २

दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणून:
क्ष = ३ + २(क्ष − ३)
क्ष = २क्ष − ३
क्ष = ३

पण क्ष = ३ असताना मूळ समीकरणातील छेद शून्य होतो, म्हणजे त्या समीकरणाला अर्थच उरत नाही. म्हणून या समीकरणाला उकल नाही. 'उकल नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. ते आले म्हणून आपले काही चुकले असे समजू नका.

उदाहरण ६. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ (पाया १०)

एकत्र करून क्ष(क्ष − ३) = १०, म्हणजे क्ष² − ३क्ष − १० = ०, म्हणजे (क्ष − ५)(क्ष + २) = ०. उत्तरे ५ आणि −२. पण −२ चा लॉग वास्तव संख्यांमध्ये नाही. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो, म्हणून एकत्र केलेल्या रूपात −२ चालून गेला. खरे उत्तर फक्त ५.

अशा पायऱ्या टाळता येत नाहीत. वर्ग न करता वर्गमूळ कसे घालवणार? त्या वापरायच्या, पण पुढील दोनपैकी एक काळजी घ्यायची.

पहिला मार्ग: शेवटी प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहायचे. इथे पडताळ्याचा अर्थ नीट समजून घ्या. एरवी आपण आकडेमोडीची चूक पकडण्यासाठी पडताळा घेतो, आणि तो ऐच्छिक असतो. एकतर्फी पायरी वापरली असेल तर मात्र पडताळा हा उकलीचाच भाग असतो. तो लिहिला नाही तर उकल अपुरी राहते.

दुसरा मार्ग: पायरीमुळे निसटणारी अट शेजारीच लिहून ती दुतर्फी करायची. उदाहरणार्थ, √प = फ हे समीकरण 'प = फ² आणि फ ≥ ०' याच्याशी पूर्णपणे समतुल्य आहे. सुरुवातीच्या उदाहरणात आपण असे लिहू:

२क्ष + ३ = क्ष² आणि क्ष ≥ ०
(क्ष = ३ किंवा क्ष = −१) आणि क्ष ≥ ०
क्ष = ३

इथे −१ हे उत्तर अटीनेच गळले. दुतर्फी पायरी दाखवण्यासाठी ⇔ आणि एकतर्फी पायरीसाठी ⇒ हे चिन्ह वापरतात. दोन ओळींमध्ये योग्य चिन्ह लिहिण्याची सवय लावली, की पायरीचा प्रकार ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

५. वर्गसमीकरणाचे सूत्र पुन्हा पाहू

अक्ष² + बक्ष + क = ०, जिथे अ ≠ ०. याचे सूत्र तुम्हांला पाठ आहे. ते पायरीपायरीने मिळवण्याची एक सुंदर रीत श्रीधराचार्यांच्या नावावर आहे. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात ती श्रीधरांच्या नावानेच दिली आहे. रीत अशी: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा.

अक्ष² + बक्ष = −क
⇔ ४अ²क्ष² + ४अबक्ष = −४अक (४अ ने गुणले; अ ≠ ० म्हणून परत येता येते)
⇔ ४अ²क्ष² + ४अबक्ष + ब² = ब² − ४अक (ब² मिळवला)
⇔ (२अक्ष + ब)² = ब² − ४अक (डाव्या बाजूचे फक्त रूप बदलले)

उजवी बाजू ऋण असेल तर वास्तव उकल नाही. ती ऋणेतर असेल तर

⇔ २अक्ष + ब = ±√(ब² − ४अक) (दोन्ही चिन्हे ठेवली)
⇔ क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

प्रत्येक पायरी दुतर्फी आहे. म्हणून सूत्राने आलेली उत्तरे ही सर्व उत्तरे असतात आणि ती सगळी खरी असतात. ४अ ने गुणण्याचा फायदाही पाहा: अ ने भागून वर्ग पूर्ण करताना येणारे अपूर्णांक इथे शेवटच्या पायरीपर्यंत येत नाहीत.

उदाहरण ७. ३क्ष² − ५क्ष − २ = ०

३क्ष² − ५क्ष = २
१२ ने गुणून, ३६क्ष² − ६०क्ष = २४
२५ मिळवून, ३६क्ष² − ६०क्ष + २५ = ४९
(६क्ष − ५)² = ४९
६क्ष − ५ = ७ किंवा ६क्ष − ५ = −७
क्ष = २ किंवा क्ष = −१/३

६. अनेक समीकरणे असतील तर

हाच प्रश्न पदवीच्या अभ्यासक्रमात रेषीय समीकरणांच्या संहतीत पुन्हा भेटतो. गाऊसच्या निरसन पद्धतीत ओळींवर तीनच क्रिया करता येतात: दोन ओळींची अदलाबदल, एखाद्या ओळीला शून्येतर संख्येने गुणणे, आणि एका ओळीत दुसऱ्या ओळीची पट मिळवणे. याच तीन क्रिया का? कारण तिन्ही दुतर्फी आहेत. प्रत्येक क्रिया तशाच दुसऱ्या एका क्रियेने उलटवता येते, म्हणून उकलसंच तोच राहतो.

एक नेहमीची चूक पाहू. क्ष + य = ५ आणि क्ष − य = १ ही समीकरणे घ्या. पहिल्यातून दुसरे वजा केले: २य = ४. त्याच वेळी जुन्या पहिल्या ओळीचा वापर करून दुसऱ्यातून पहिले वजा केले: −२य = −४. आता दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात, य = २. क्ष बद्दलची माहिती पूर्ण नाहीशी झाली आहे, आणि क्ष ला कोणतीही किंमत चालेल असे दिसते. खरे उत्तर क्ष = ३, य = २ एवढेच आहे. एका वेळी एकच ओळ बदला, आणि पुढच्या क्रियेत बदललेली ओळच वापरा, म्हणजे असे होणार नाही.

७. शाब्दिक उदाहरणे: शब्दांपासून समीकरणापर्यंतची पायरी

शाब्दिक उदाहरणात पहिली पायरी समीकरण मांडण्याची असते. तीही एकतर्फी असू शकते, आणि हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच दाखवले आहे. 'बीजगणित' या ग्रंथात वानरांची दोन उदाहरणे आहेत. त्यांचा आशय आपल्या शब्दांत पाहू.

पहिले उदाहरण: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतके वानर वनात खेळत आहेत आणि उरलेले १२ टेकडीवर आहेत. एकूण वानर किती?

(क्ष/८)² + १२ = क्ष
क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०
(क्ष − ४८)(क्ष − १६) = ०

क्ष = ४८ घेतल्यास ३६ + १२ = ४८. क्ष = १६ घेतल्यास ४ + १२ = १६. दोन्ही उत्तरे चालतात.

दुसरे उदाहरण: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक वानर फांदीवर दिसतो आहे. एकूण वानर किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

क्ष = ५त मानल्यास (त − ३)² + १ = ५त, म्हणजे त² − ११त + १० = ०, म्हणजे त = १० किंवा त = १. म्हणून क्ष = ५० किंवा क्ष = ५.

दोन्ही संख्या समीकरणात बसतात. ५० साठी ७² + १ = ५० आणि ५ साठी (−२)² + १ = ५. पण ५ वानरांचा पाचवा भाग १, आणि एका वानरातून तीन वानर वजा कसे करणार? भास्कराचार्य हे दुसरे उत्तर घेत नाहीत. समीकरण मांडताना वर्ग आला आणि 'पाचव्या भागातून ३ वजा करता आले पाहिजेत' ही गोष्टीतली अट निसटली. म्हणून शाब्दिक उदाहरणात उत्तर नुसते समीकरणात ठेवून भागत नाही. ते मूळ गोष्टीत ठेवून पाहावे लागते.

दोन्ही समीकरणे वर्गसमीकरणेच आहेत. तरीही एकीकडे दोन उत्तरे राहिली आणि दुसरीकडे एक. 'वर्गसमीकरणाची दोन उत्तरे' किंवा 'लहान उत्तर सोडून द्यायचे' असा कोणताही ठरीव नियम इथे उपयोगी पडत नाही.

८. उकल लिहिताना

(१) सुरुवातीला चलावरच्या अटी लिहा: छेद शून्य नको, लॉगमधील राशी धन हवी, वर्गमुळातील राशी ऋणेतर हवी.
(२) प्रत्येक ओळीशेजारी दोन्ही बाजूंवर कोणती क्रिया केली ते थोडक्यात लिहा.
(३) चल असलेल्या राशीने भागत असाल तर थांबा. अवयव बाहेर काढा.
(४) वर्ग केला, चल असलेल्या राशीने गुणले किंवा लॉग एकत्र केले, तर शेवटी पडताळा लिहा.
(५) 'किंवा' आणि 'आणि' हे शब्द गाळू नका. 'क्ष = २, ४' यापेक्षा 'क्ष = २ किंवा क्ष = ४' हे स्पष्ट आहे.

स्वतः करून पाहा

(१) √(क्ष + ७) = क्ष − ५
(२) क्ष³ = ४क्ष
(३) |२क्ष − १| = क्ष − ३
(४) १/क्ष < १ (सूचना: क्ष ने गुणताना क्ष धन आहे की ऋण याचा विचार करा.)

उत्तरे: (१) फक्त ९, वर्ग केल्यावर येणारे २ हे उत्तर चालत नाही. (२) ०, २ आणि −२. (३) उकल नाही. −२ आणि ४/३ या दोन्ही किमतींना उजवी बाजू ऋण होते. (४) क्ष < ० किंवा क्ष > १.

तुमचे उत्तर वरच्या उत्तराशी जुळले नाही, तर उकल पुसून पुन्हा सुरुवात करू नका. आपल्याच ओळी शेवटून वर वाचत जा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथून परत वर जाता येते का? जिथे 'नाही' असे उत्तर येईल, ती ओळ आधी तपासा. पुस्तकामागची उत्तरसूची फार तर उत्तर चुकले एवढे सांगते. कुठे आणि का चुकले हे या वाचनातून कळते. आणि सगळ्या पायऱ्या दुतर्फी असल्याची खात्री झाली, की उत्तरसूची नसतानाही आपली उकल पूर्ण आहे असे तुम्ही स्वतः सांगू शकता.